गावातले पतंग मोजायचे तर आधी जमीन मोजा

उपग्रहाच्या चित्रात रत्नागिरी शहर बघितलंत तर वाटेल, इथे पतंगांना, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या पाखरांना (इंग्रजीत मॉथ), काय तोटा! मारुती मंदिर, माळनाका, बाजारपेठ एवढा राखाडी पट्टा सोडला की सगळं हिरवंगार. पण हा हिरवा रंग मोठा फसवा. फवारणी केलेली आणि खालून बेणून लख्ख ठेवलेली हापूसची बाग हिरवी. कचेरीपुढची लॉन हिरवी. भाट्याच्या खाडीतली तिवरं हिरवी. आणि मालक मुंबईला गेल्यामुळे गुळवेल, अळू, एरंड माजलेली जुनी वाडी, तीही हिरवीच. पावसाळ्यात या चारही ठिकाणी रात्री पांढरं कापड बांधून दिवा लावा. ती किती वेगळी आहेत ते उजेडाला येऊन कापडावर बसलेले पतंगच सांगतील.

मी वीज कंपनीत लाइनमन होतो. रस्त्यावरचे दिवे बदलण्यात नोकरी गेली, त्यामुळे कुठल्या खांबाखाली सकाळी पंखांचा सडा पडतो आणि कुठल्या खांबाखाली काहीच नसतं, हे विनासायास डोळ्यांखालून गेलं. निवृत्त झाल्यावर या पाखरांची नीट नोंद ठेवायला लागलो. आता शाळेतले मास्तर, कॉलेजची मुलं विचारायला येतात, 'काका, आम्हालाही आमच्या गावात हे करायचंय, कुठून सुरुवात करू?' बहुतेकांच्या मनात दिवा कुठला घ्यायचा हाच प्रश्न असतो. दिव्याचं सांगतोच, पण जमिनीचं आधी.

जमीन का बघायची

भारतात पतंगांच्या दहा हजारांच्या आसपास जाती आहेत. फुलपाखरं जेमतेम तेराशे-चौदाशे. एवढ्या जाती एका मुलखात नांदतात त्या अळ्यांच्या खाण्यापिण्याच्या तऱ्हांमुळे. आपण कापडावर बघतो तो पतंग थोड्या दिवसांचा पाहुणा. त्याचं खरं आयुष्य अळी म्हणून पानावर आणि कोष म्हणून मातीत किंवा पाचोळ्यात गेलेलं असतं. म्हणून 'इथे झाडं किती' एवढंच विचारून भागत नाही. झाड कुठलं, त्याच्या बुंध्याशी काय आहे आणि भिंत कशाची आहे, हेही विचारावं लागतं.

कण्हेर, तगर, सदाफुली खाऊन वाढणारा हिरव्या नक्षीचा हॉक मॉथ (जाड अंगाच्या, जोरात उडणाऱ्या पतंगांचा हा गट) भर शहरात सापडतो, कारण ही झाडं दुभाजकावर आणि गॅलरीतल्या कुंडीतही असतात. पण त्याची अळी पूर्ण वाढली की झाडावरून उतरते आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत कोष करते. कुंडीखाली फरशी आणि फरशीपुढे पेव्हर ब्लॉक असेल तर ती अळी तिथेच फिरत राहते आणि मुंग्या तिला नेतात. झाड आहे, अळी आहे, पण पुढची पिढी नाही.

अळूवर शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी तुम्ही पाहिली असेल. ती हॉक मॉथचीच. तेरड्यावरही तिची भावंडं असतात. गुळवेल आणि वासनवेल खाऊन वाढणारा नारिंगी पंखांचा मोठा पतंग म्हणजे फळाला भोक पाडून रस शोषणारा. मोसंबी-डाळिंबाचे बागायतदार त्याला शिव्या घालतात. खुळखुळ्यावर पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला पतंग दिवसाही उडताना दिसतो. तिवराची पानं एखाद्या वर्षी चाळणी झालेली दिसतात, ते काम बऱ्याचदा सागाची पानं खाणाऱ्या अळीचं असतं. साग आणि तिवर दोन्ही तिला चालतात. माडाच्या झावळ्या करपल्यासारख्या दिसल्या तर काळ्या डोक्याची अळी शोधा. तिचाही पतंगच होतो, फिकट राखाडी, कोणाच्या लक्षात न येणारा.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते सांगतो. पतंगांचा एक मोठा गट असा आहे की त्यांच्या अळ्या हिरवं पान खातच नाहीत. कोणी वाळका पाला खातात. कोणी दगडावरचं शेवाळ आणि दगडफूल खातात. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या गडग्यावर पावसात जो हिरवा-राखाडी थर चढतो, ते त्यांचं शेत. गडगा पाडून सिमेंटची भिंत घातली आणि तिला ऑइलपेंट फासला की घराभोवतीचं एकही झाड न तोडता हे पतंग जातात. उपग्रहाच्या चित्रात यातलं काहीही दिसत नाही.

युरोपात या विषयावर भरपूर काम झालंय आणि निष्कर्ष साधारण एकच निघतो: काँक्रीट-डांबर वाढलं की पतंगांच्या जाती घटतात, संख्याही घटते. घट सर्वांची सारखी होत नाही. एकाच झाडावर जगणारे आणि फार लांब न उडणारे आधी जातात. २०१८ साली बेल्जियममधला एक मोठा अभ्यास आला. त्यात बऱ्याच प्राणीगटांत शहराकडे जावं तसे लहान आकाराचे जीव जास्त होते, पण पतंगांत उलट, शहरात मोठ्या आकाराचे जास्त. कारण हिरवे तुकडे विखुरलेले असले की एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला पंखांत बळ लागतं. आपल्याकडेही बाजारपेठेच्या कापडावर हॉक मॉथ आले आणि बारके पतंग आले नाहीत तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

जागा निवडणं आणि ठिपके मोजणं

निदान तीन प्रकारची जमीन घ्या आणि प्रत्येक प्रकारच्या दोन जागा. एकेकच जागा घेतलीत तर फरक जमिनीचा की त्या एका जागेचा, हे कळणार नाही. रत्नागिरीत मी असा विचार करीन: एक जोडी बाजारपेठेतली, एक जोडी नाचणे-शिरगावकडच्या घर-वाडीची, एक जोडी सड्याची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराची. जमलं तर खाडीकाठची चौथी जोडी. खारफुटीच्या आत मात्र परवानगीशिवाय शिरू नका, ती बहुतेक वनखात्याच्या ताब्यात आहे. काठावरच्या एखाद्याच्या आगरात कापड लावलं तरी काम होतं.

गूगल अर्थवर प्रत्येक जागेभोवती १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते सुमारे ३१० गुंठ्यांचं होतं. शिवाय ५०० मीटरचं काढा, ते जवळपास १९४ एकरांचं. लहान वर्तुळ अळ्यांचं घरदार सांगतं, मोठं वर्तुळ पतंग कुठून उडत आले असतील ते सांगतं. दोन्हीचे आकडे वेगळे ठेवा. कधी कधी लहान वर्तुळात छान बाग असते आणि मोठ्या वर्तुळात सगळा एमआयडीसीचा पत्रा. अशी जागा अभ्यासाला सर्वांत मजेची.

मग वर्तुळावर सारख्या अंतराने १०० ठिपके टाका. संगणकाशी दोस्ती असेल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, नसेल तर चित्र छापून वर बटर पेपर ठेवा आणि पेनाने टाका. प्रत्येक ठिपका कशावर पडला ते लिहा. १०० पैकी ६२ छप्पर, डांबर, कोबा, पेव्हर यांवर पडले तर ६२ टक्के जमीन बंद झालेली. एवढं साधं आहे. बाकीचे ठिपके नुसते 'हिरवे' म्हणून सोडू नका. खाली झुडुपं आणि पाचोळा असलेली वाडी वेगळी, फवारणी-बेणणीची बाग वेगळी, लॉन वेगळी, भातखाचर वेगळं, तिवर वेगळं. हे चित्रावरून कळत नाही, पायी फिरून विचारावं लागतं. बागवाल्याला सरळ विचारा, 'दादा, मोहोर आल्यापासून किती फवारण्या होतात?' तो सांगतो.

कोकणात एक मोठा घोळ होतो तो कातळाचा. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला जमीन दिसत नाही, म्हणून आपल्याला मिळणारी बरीचशी चित्रं उन्हाळ्याकडची असतात. एप्रिल-मे महिन्यातला सडा काळा-तपकिरी, उघडाबोडका. संगणक त्याला कधी बांधकाम समजतो, कधी ओसाड जमीन. तोच सडा श्रावणात बघा. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, गवतांचे कितीतरी प्रकार. दीपकाडीसारखं फूल तर कोकणच्या सड्याबाहेर बघायला मिळत नाही. तेव्हा चंपक मैदानासारख्या जागेला 'बंद जमीन' म्हणून नोंदवलंत तर पुढचा सगळा हिशोब उलटा येईल. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र शोधा. युरोपीय अवकाश संस्थेचे जमिनीच्या वापराचे तयार नकाशे फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन १० मीटरचा असतो. परसातला गडगा, पाणंद, व्हाळाकाठची झुडुपं त्यात हरवून जातात. पाया म्हणून वापरा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका.

आणखी एक रकाना करा: ५० मीटरच्या आत रस्त्यावरचे दिवे किती आणि कुठल्या रंगाचे. याची गरज पुढे कळेल.

दिवा

पतंगवाल्यांत १६० वॅटचा ब्लेंडेड मर्क्युरी दिवा प्रसिद्ध. त्याला चोक लागत नाही, साध्या होल्डरला चालतो, उजेड भरपूर. पण आता तो दुकानात सहज मिळत नाही, आणि कोकणातल्या कमी दाबाच्या लाइनीवर मध्येच विझतो. विझला की गार होईपर्यंत पुन्हा नीट पेटत नाही. शिवाय काच इतकी तापते की पावसाचा थेंब पडला तर तडकते, आणि आत पारा असतो. वापरायचाच असेल तर चिनी मातीचा होल्डर, वर पत्र्याची टोपी, अर्थिंगसह तीन पिनांची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), यात सवलत नाही. ओल्या अंगणात उघड्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या काहींना नंतर दवाखान्यातही पाहिलंय.

माझं मत विचाराल तर बॅटरीवर चालणारे अतिनील एलईडी घ्या, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे. पॉवर बँकेवर चालतात, सड्यावर नेता येतात, शॉक लागत नाही. मुख्य म्हणजे सहाही जागी अगदी सारखा उजेड देता येतो. इथे सारखेपणाला किंमत आहे, झगमगाटाला नाही. एका जागी १६० वॅट आणि दुसऱ्या जागी टॉर्च लावून केलेली तुलना कचऱ्यात टाकावी. दिव्याकडे टक लावून बघू नका, मुलांना तर अजिबात नाही.

कापड सुती, पांढरं, मोठं. जुनं धोतर उत्तम. दोन बांबूंमध्ये ताणून बांधा आणि खालचा काठ पुढे जमिनीवर पसरू द्या, कारण पुष्कळ पतंग उभ्या कापडावर न बसता खाली बसतात.

दिवा किती लांबून पतंग ओढतो, याबद्दल लोकांच्या भलत्या कल्पना असतात. प्रयोगांत ही ओढ बहुतेक वेळा दहा-वीस-तीस मीटरच्या आतच दिसली आहे. म्हणजे कापडावर आलेला पतंग त्या आवारातून जाणाराच असतो, डोंगरावरून बोलावून आणलेला नसतो. आपल्या कामाला हे सोयीचं. २०२४ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या आणि त्यांच्या जोडीदार संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की कीटक दिव्याच्या प्रेमात वगैरे पडत नाहीत. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्यांची सवय असते, कारण रात्री आकाश हेच त्यातल्या त्यात उजळ. दिवा बाजूला असला की त्यांची वर-खाली ही जाणच बिघडते आणि ते गरगरत राहतात.

आता रस्त्यावरच्या दिव्यांच्या रकान्याकडे या. अंधाऱ्या सड्यावर तुमचा दिवा एकटा राजा. बाजारपेठेत तो शेकडो दिव्यांतला एक. तेव्हा बाजारपेठेच्या कापडावर कमी पतंग आले, याचा अर्थ तिथे कमी आहेत एवढाच नसतो. तुमचा दिवा तिथे फिका पडला, हाही असतो. त्यात भर म्हणजे २०१६ साली स्वित्झर्लंड-फ्रान्सकडच्या एका अभ्यासात उजेडाच्या भागातून आणि अंधाऱ्या भागातून एकाच जातीच्या अळ्या आणून सारख्या परिस्थितीत वाढवल्या, तेव्हा उजेडाकडच्या पतंगांचं दिव्याकडे जाण्याचं प्रमाण ३० टक्के कमी भरलं. शहरी पतंग शहाणा झालाय म्हणा हवं तर. आणि दिवे नुसते पतंगांना ओढतात असंही नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासात पथदिव्यांखालच्या कुंपणाच्या झुडुपांत अळ्या ४७ टक्के कमी होत्या, गवताच्या कडांवर ३३ टक्के कमी. जुन्या पिवळ्या सोडियमपेक्षा पांढऱ्या एलईडीचा परिणाम जास्त वाईट. ज्या हातांनी सोडियम उतरवून एलईडी चढवले त्या हातांना हे वाचून बरं वाटलं नाही, पण वीज वाचली हेही खरंच. पांढऱ्याऐवजी ३००० केल्विनचा किंवा त्याहून पिवळसर दिवा आणि उजेड खालीच पडेल अशी टोपी, एवढं सांगायला ग्रामपंचायतीत जायला हरकत नाही.

रात्र कुठली

चंद्र असला की कापड ओस पडतं. वद्य दशमीपासून शुद्ध पंचमीपर्यंतच्या रात्री घ्या आणि सगळ्या जागा त्याच काळ्या पंधरवड्याच्या आसपास उरका. आषाढ अमावस्येला घरोघर दिव्यांची पूजा होते, ती रात्र या कामाला उत्तम. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर मॉथ वीक पाळतात, २०१२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला. काही वर्षी हे दोन्ही जवळजवळ येतात.

उकाड्याची, वारा पडलेली, भुरभुर पावसाची रात्र उत्तम. मुसळधार पडत असेल तर घरी बसा. पहिल्या सरींनंतरचा जून आणि मग भाद्रपद-आश्विन हे दोन बहर. मे महिन्यात सड्यावर फारसं काही मिळत नाही. दिवेलागणीनंतर साडेसातला सुरू करा, साडेदहाला बंद. दर अर्ध्या तासाने मोजा. काही जाती पहाटेकडे उडतात, त्या हुकतील. सगळ्या जागी सारख्याच हुकल्या की झालं.

पायात गमबूट हवेतच. रत्नागिरीचा सडा म्हणजे फुरशाचं माहेर. कापडापाशी बेडूक जमतात आणि बेडकांमागे साप. खाली बसण्याआधी बॅटरी मारून बघायची. दिव्यावर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा मुंगीसारखा लांबट किडा आला तर अंगावर चिरडू नका, दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. हळूच फुंकर मारून उडवा. डास चावतात म्हणून कापडाशेजारी कॉइल पेटवलीत तर डासांबरोबर पतंगही पळतील. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि सोसा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि पोलिसपाटलांना आधी सांगून ठेवा. सड्यावर रात्री पांढरं धोतर चमकताना दिसलं की सकाळपर्यंत गावात भूत तरी निघतं, नाहीतर गुप्तधन काढणारी टोळी तरी.

काम संपलं की दिवा आधी बंद करा आणि कापडावरचे पतंग हळूच झुडुपात झटका. तसेच सोडलेत तर रात्री पाली आणि सकाळी कोतवाल-दयाळ मेजवानी करतात. एकाच जागी रोज दिवा लावू नये. मारायचं तर काहीच नाही, फोटो पुरे.

दिव्याशिवाय

दिव्याचा घोळ टाळायचा तर दोन उपाय आहेत. पहिला आमिषाचा. गूळ, सडलेली केळी किंवा बरक्या फणसाचे गरे आंबवून लगदा करायचा आणि संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला फासायचा. मे महिन्यात काजूची बोंडं मिळतात, ती झकास आंबतात. आंबट वासावर घुबडासारख्या डोळ्यांच्या नक्षीचे मोठे पतंग आणि फळांचा रस शोषणारे येतात. इथे रस्त्यावरच्या दिव्याशी स्पर्धा तेवढी नसते. (घरात वास येतो. लगद्याचं भांडं मागील दाराबाहेरच ठेवा, नाहीतर जेवणावर परिणाम होईल.)

दुसरा अळ्या शोधण्याचा. मला विचाराल तर जमिनीचा खरा हिशोब इथेच लागतो, कारण अळी उडून पाहुणी आलेली नसते, ती तिथलीच रहिवासी. प्रत्येक जागी ठरलेल्या झाडांची ठरलेली पानं उलटून बघा: समजा अळू, तेरडा, एरंड, कण्हेर, गुळवेल. अर्धा तास दिवसा, अर्धा तास रात्री बॅटरीने. केसाळ किंवा हिरवी काटेरी अळी बोटाने उचलू नका. माड-आंब्यावरची ती हिरवी काटेरी अळी लागली तर तासभर आग होते. ओळख पटत नसेल तर अळी त्याच झाडाच्या पानांसकट बरणीत ठेवून पतंग निघेपर्यंत वाढवायची, तळाशी ओलसर माती घालून. कारवारला वन अधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी असंच वर्षानुवर्षं केलं. आपल्या किनाऱ्यावरचे हॉक मॉथ कशावर वाढतात हे आज ठाऊक आहे, ते पुष्कळसं त्यांच्यामुळे. त्यांचं आणि स्कॉट यांचं काम १९३७ साली छापून आलं.

ओळख

फार डोकं फोडू नका. पंख पसरून बसलेला असताना वरून एक फोटो, शेजारी पट्टी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. 'मॉथ्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर पडताळा. बारीक पतंगांची जात फोटोवरून अनेकदा ठरत नाहीच. त्यांना तुमचंच नाव द्या, 'तपकिरी बारका, पांढरा पट्टा', आणि वर्षभर तेच नाव ठेवा. तुलनेला तेवढं चालतं. लोक मात्र एकच विचारतात, 'अ‍ॅटलस आला का?' तो अवाढव्य पतंग हवा असेल तर पावसात आंबोलीला जा. बाजारपेठेतला हिशोब अ‍ॅटलसवर ठरत नाही.

हिशोब

भातखाचराजवळ कापड लावलंत तर एका रात्रीत पिवळे पतंग इतके येतील की कापड दिसणार नाही. मादीच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका असतो. तो खोडकिडा. शेतकरी प्रकाश सापळा लावतो तो यासाठीच. संख्या प्रचंड, जाती मोजक्या. म्हणून 'पतंग किती' आणि 'प्रकार किती' हे दोन रकाने कधीही एक करू नका.

प्रकारांची तुलना करतानाही एक फसगत होते. समजा बाजारपेठेत ३० पतंग आले, प्रकार १२. वाडीत २०० पतंग, प्रकार ४५. वाडी चौपट श्रीमंत का? तसं लगेच म्हणता येत नाही, कारण जास्त पतंग पाहिले की प्रकार आपोआप जास्त मिळतात. मग वाडीतल्या २०० पतंगांच्या २०० चिठ्ठ्या करा, डब्यात हलवा, ३० काढा आणि त्यात किती प्रकार आले ते लिहा. चिठ्ठ्या परत टाका, पुन्हा ३० काढा. असं वीसेक वेळा करून सरासरी घ्या. भिशीची चिठ्ठी काढतात तसंच, फक्त पैसे कोणाला मिळत नाहीत. सरासरी २२ आली तर आता १२ आणि २२ ची तुलना करा. शाळेतल्या मुलांना हा खेळ फार आवडतो.

मग सहाही जागांचे आकडे एका कागदावर मांडा: आडव्या रेघेवर बंद जमिनीचा टक्का, उभ्या रेघेवर ३० पतंगांमागचे प्रकार. त्याच जागांची दुसरी मांडणी 'खाली झुडूप-पाचोळा असलेल्या जमिनी'च्या टक्क्यावर करा. माझ्या कागदांवर दुसऱ्या मांडणीतले ठिपके जास्त सरळ रेषेत पडतात. एकाच शहराच्या, हौशी माणसाच्या नोंदी आहेत या, त्यावर सिद्धान्त उभारू नये. पण फवारणीची हापूस बाग पहिल्या कागदावर 'हिरवी' असूनही बाजारपेठेच्या शेजारी जाऊन बसते, ते मला दरवेळी दिसतं. बागायतदारांना राग येईल. येऊ दे.

कापडावरच्या यादीतूनही जमीन वाचता येते. एरंड, माठ अशा कुठेही उगवणाऱ्या झाडांवरचे पतंगच जास्त असतील आणि शेवाळ-पाचोळा खाणारे नसतील, तर भोवती कोबा वाढलाय. ऐन-किंजळीवरचे, वेलींवरचे दिसायला लागले की जवळ एखादी राई किंवा न साफ केलेला परसू आहे, जाऊन बघा.

एवढं सगळं झाल्यावर लोक विचारतात, मग करायचं काय? आमच्या शेजारच्या वहिनींनी अंगणभर पेव्हर घालायचं काढलं तेव्हा मी हे सगळे कागद घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, 'काका, तुमच्या पाखरांसाठी आम्ही चार महिने चिखल तुडवायचा का?' प्रश्न रास्त होता. शेवटी गाडी उभी राहते तेवढ्या भागात पेव्हर बसले आणि गडग्यालगत हातभर रुंदीची पट्टी मातीची राहिली. तिथे तेरडा, अळू आणि एक तगर आहे. पाचोळा पेटवायचा नाही, त्या पट्टीवर सारायचा, असं ठरलं. अंगणातला रात्रभर जळणारा पांढरा दिवा काढून हालचालीवर लागणारा पिवळा बसवला. तो मीच बसवून दिला.

तुम्ही करणार असाल तर अशी पट्टी घालण्याआधी एक पावसाळा मोजणी करून ठेवा आणि नंतरचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी, त्याच दिव्याने, त्याच तिथींच्या आसपास पुन्हा करा. वहीच्या पहिल्या पानावर दिव्याचा प्रकार, वॅट, कापडाचा आकार आणि कुठल्या महिन्याचं उपग्रह चित्र वापरलं, ते लिहून ठेवा. ठिपक्यांचा बटर पेपर त्याच वहीत चिकटवा, सुटा ठेवलात तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते.